आधी मुलगा, मग बाप

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरात दोन तट पडले. प्रश्न शाळेच्या फीचा नव्हता की पाणीपट्टीचा नव्हता. 'स्टार वॉर्स' हे अमेरिकन चित्रपट कोणत्या क्रमाने पाहायचे, एवढाच होता. वाचकांना हसू येईल. आम्हालाही आधी आले होते.

अडचण अशी, की हे चित्रपट निघाले एका क्रमाने आणि त्यांचे आकडे लागतात दुसऱ्याच क्रमाने. जॉर्ज लुकास यांचा पहिला चित्रपट १९७७ साली आला. त्याला 'भाग ४' हा आकडा १९८१ साली लावण्यात आला. पाचवा १९८० साली आणि सहावा १९८३ साली आला. पुढे १९९९, २००२ आणि २००५ साली भाग १, २ व ३ निघाले. त्यांत आधी घडलेली हकिकत आहे. भाग ७, ८ व ९ हे २०१५ ते २०१९ या काळातले; ते शेवटी पाहावेत. भांडण आहे ते पहिल्या सहांचे.

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. मागील शिल्लक आधी लिहावी, चालू व्यवहार नंतर, हीच आमची शिकवण. म्हणून दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाला आम्ही १ ते ६ ओळीने दाखवले. हिशेब चोख झाला, पण रंगत गेली. पाचव्या भागात काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर तरुण ल्यूकला सांगतो, की मीच तुझा बाप आहे. हे गुपित फुटू नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळी तो पोशाख घालणारे नट डेव्हिड प्राऊझ यांनाही वेगळेच वाक्य दिले होते. खरे वाक्य मागाहून जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात भरले. एवढ्या सायासाने राखलेले गुपित, आणि आमचे चिरंजीव "हे तर तिसऱ्या भागातच कळलं" असे म्हणत पाणी प्यायला उठले!

या खेपेला पाहणार होती धाकटी मुलगी आणि तेरा वर्षांचा भाचा. थोरल्याने आधीच बजावले, "पप्पा, तुमची खातेवही आता बाजूला ठेवा." आम्ही थोडा वाद घातला आणि मग ऐकले. सुरुवात भाग ४ पासून केली.

भाच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, कारखाना बंद पडल्यावर दारूच्या नादी लागले आणि चार वर्षांपूर्वी घर सोडून गेले. ताई दिवसभर कामावर असते, म्हणून पोरगा आमच्याकडे राहून शिकतो.

पाचव्या भागात ते गुपित फुटले तेव्हा धाकटी किंचाळली. भाचा मात्र गप्प बसून राहिला. रात्री अंथरुणावर त्याने विचारले, "मामा, तो आधीपासूनच असा होता का?"

आम्ही चित्रपटाचे कथानक सांगू लागलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तो सिनेमाचं विचारत नाही."

आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. चार वर्षे आम्ही या पोराला त्याच्या बापाची फक्त दारू सांगितली होती. "बापासारखा होऊ नकोस" हे वाक्य तर रोजचेच. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षी कॉस्टिंग आमच्या डोक्यात शिरत नव्हते, तेव्हा कारखान्यातून थकून आलेले दाजी रोज रात्री आम्हाला शिकवायला बसत. हे मात्र आम्ही कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहावा भाग बाजूला ठेवला आणि १, २, ३ लावले. २०११ साली एका अमेरिकन चाहत्याने साधारण असाच क्रम सुचवला होता: ४, ५, २, ३, ६. तो पहिला भाग गाळतो. आम्हाला ते पटत नाही. पहिल्या भागात व्हेडर हा नऊ वर्षांचा ॲनाकिन आहे. तो आणि त्याची आई दोघेही गुलाम आहेत. पोरगा सुटतो, आई मागे राहते. आईची ती ताटातूट पाहिल्याशिवाय पुढचा राग कुठून आला ते कळत नाही.

मग सहावा पाहिला. त्याच्या शेवटी बापाचे रूप पुन्हा दिसते. १९८३ साली तेथे प्रौढ नट होते. २००४ सालच्या डीव्हीडीपासून तेथे भाग २ आणि ३ मधील तरुण ॲनाकिनच दाखवतात. ते भाग आधी पाहिले नसतील, तर हा तरुण कोण, असा प्रश्न पडतो. भाच्याने त्याला लगेच ओळखले.

आमचा सल्ला असा: मुलांना प्रथमच दाखवत असाल तर ४, ५, १, २, ३, ६ हा क्रम धरावा. गुपितही राहते आणि कारणही कळते. ज्यांच्या घरी अजून पाहायचे आहे, त्यांनी हा लेख मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आधीचा चांगुलपणा सांगितला म्हणून नंतरचे वागणे माफ होत नाही. ताईने जे सोसले ते पुसले जात नाही. पण पोराला पूर्ण हिशेब मिळाला पाहिजे. अर्धे पान फाडून दिलेली वही कुणी खरी मानत नाही. कॉस्टिंगची ती जुनी वही आमच्या ट्रंकेत होती. तिच्या समासात दाजींच्या हातची गणिते आहेत. ती वही आता भाच्याच्या दप्तरात असते.