पायाखालची डबी

वाद्य वाजवणाऱ्या माणसाला आपल्या वाद्याचा आवाज पुरेसा वाटला आहे, असे माझ्या पाहण्यात नाही. पेटीवाला भाता जोराने मारतो, पखवाजवाला धुमेवर आणखी थोडी कणीक थापून पाहतो, आणि झांजवाल्यांची तर गोष्टच निराळी! गिटारच्या वाट्याला हे दुःख जरा अधिक आले. मुळात तिचा आवाज घरगुती बैठकीचा. नृत्यगृहात पितळी वाद्यांच्या शेजारी ती बसली, की तिच्या तारा हलताना दिसत, ऐकू मात्र येत नसत. म्हणून अमेरिकेतल्या कारागिरांनी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले. १९३२ साली विक्रीस आलेली तसली पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याच्या हवाइयन पद्धतीची होती. पुढे आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर राग वाजवले, तीही हीच मांडीवरची तऱ्हा. तेव्हा हे वाद्य आपल्या कानांना अगदीच परके आहे, असे म्हणवत नाही.

मी स्वतः पेटी वाजवतो. गिटारशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. आमच्या गावच्या देवळात दर एकादशीला भजन होते आणि गेली काही वर्षे तो तेथे गिटारची साथ करतो. एके दिवशी त्याने पानपुड्याएवढी एक लोखंडी डबी आणली. तिच्यावर पायाने दाबायचा एक खटका, फिरवायची एक घुंडी, आत नऊ व्होल्टची बॅटरी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून ध्वनिवर्धकाकडे जाते. या डबीला बूस्टर म्हणतात. कोणी प्रीअँप म्हणतात. “हिच्यातून कसला आवाज निघतो?” असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, हिच्यातून कसलाच आवाज निघत नाही. आवाज तारेचाच.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. तार हलली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, पण ती फार दुबळी. साधारणतः एका व्होल्टचा दहावा हिस्सा. लांबलचक वायरीतून जाताना तिच्यातले वरचे, चमकदार स्वर वाटेतच गळून जातात. डबीतला ट्रान्झिस्टर तो इशारा सहा डेसिबलने वाढवतो तेव्हा विजेचा दाब दुप्पट होतो. वीस डेसिबलने वाढवतो तेव्हा दसपट. शिवाय डबीच्या पुढे कितीही हात वायर असली, तरी मग स्वर फारसे गळत नाहीत. डबीचे काम एवढेच. तिच्या अंगी स्वतःचा एकही स्वर नाही.

तरीही हिच्यामुळे गिटारचा नाद पालटतो. तो का पालटतो, हे समजून घेताना मला हिचा इतिहास मोठा मनोरंजक वाटला. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज नावाचा एक गृहस्थ गिटारचा स्वर लांबवणारे यंत्र करून घेत होता. बॉब मायर या तंत्रज्ञाने ते तयार केले. ते पाहायला गेला असता मॅथ्यूजला मुख्य यंत्राच्या अलीकडे एक लहानशी डबी जोडलेली दिसली. गिटारचा इशारा दुबळा पडतो, म्हणून मायरने मदतीला एकाच ट्रान्झिस्टरची ती डबी केली होती. मॅथ्यूजने तिचा खटका दाबला मात्र, ध्वनिवर्धक गर्जून उठला! मुख्य यंत्र बाजूला राहिले आणि मदतनीस डबीच एलपीबी-१ या नावाने बाजारात गेली. याच सुमाराची दुसरी हकीकत एकोप्लेक्स नावाच्या यंत्राची. ते चुंबकीय फितीवर प्रतिध्वनी निर्माण करण्याचे यंत्र. १९७० च्या सुमारास निघालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत इशारा आत घेणारा एक प्रीअँप होता. प्रतिध्वनी बंद ठेवूनही केवळ या प्रीअँपमधून गेल्याने नाद भरदार होतो, असे वादकांच्या ध्यानात आले. काही वादक ते अवजड यंत्र तेवढ्यासाठीच बरोबर नेत. आणि आज तेवढाच भाग वेगळा काढून त्याच्या डब्या विकल्या जातात.

लंडनच्या डॅलस कंपनीने तर १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास याहून चमत्कारिक डबी काढली होती. रेंजमास्टर हे तिचे नाव. तीत एकच जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या तोंडाशी असा लहान कपॅसिटर, की खालच्या स्वरांना तो अडवी आणि वरच्या स्वरांना पुढे सोडी. आयर्लंडचा रोरी गॅलाघर आणि इंग्लंडचा ब्रायन मे यांनी असल्या डब्या तीस वॉटच्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकापुढे जोडून आपापला नाद घडवला. खालचे स्वर कमी केल्यावर नाद भरदार कसा होईल, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर ध्वनिवर्धकाच्या व्हॉल्व्हमध्ये आहे.

जुन्या रेडिओत तांबूस उजळणाऱ्या काचेच्या नळ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना व्हॉल्व्ह काय ते सांगायला नको. व्हॉल्व्हची ताकद ठरलेली असते. तीपर्यंत तो इशारा जसाच्या तसा मोठा करतो; पण डबीने रेटा दिला आणि इशारा त्या मर्यादेला टेकला, की लाटेचा माथा दबतो, गोलसर चपटा होतो. मग आवाज फारसा वाढत नाही. स्वर मात्र दाट होतो, लांबतो, आणि त्यात मुळात क्षीण असलेले स्वयंभू स्वर डोके वर काढतात, काही नव्यानेच उत्पन्न होतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवता सरकवता एका जागी षड्ज एकदम खुलतो आणि त्यातून गंधार बोलू लागतो. तो अनुभव ज्याला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. कारणे दोहोंची भिन्न आहेत, पण कानाला पटणारी समृद्धी एकाच जातीची आहे. खालचे जड स्वर मात्र असे दाबले गेले, की त्यांचा चिखल होतो. म्हणून ते आधीच गाळून घेणाऱ्या रेंजमास्टरचा नाद स्वच्छ राहिला.

यावरून डबी कोठे जोडावी याला फार महत्त्व येते. नादाला दाटपणा आणणाऱ्या यंत्राच्या किंवा व्हॉल्व्हच्या आधी ती जोडली, तर दाटपणा वाढतो आणि आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. दाटपणा येऊन गेल्यानंतर जोडली, तर नादाचा गुण तोच राहून नुसता आवाज चढतो. डबी तीच, घुंडीही तीच. केवळ जागा बदलल्याने एकदा गुण पालटतो, एकदा परिमाण.

हे सगळे मी कुतूहलाने ऐकत होतो, तोवर देवळात निराळाच प्रश्न उभा राहिला. आमचे बुवा आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या गळ्यातला जोर ओसरला आहे. गोडवा मात्र आहे तसा आहे, किंबहुना वाढला आहे. ते ध्वनिक्षेपकापासून हातभर दूर बसूनच गातात आणि त्यांची ती सवय आता कोणी मोडू शकणार नाही. भाच्याने नवी डबी जोडली, त्या एकादशीला अभंगाच्या दुसऱ्या चरणापासून बुवांचा आवाज गिटारखाली गेला. त्यातच उत्सवाची रोषणाई लागलेली. विजेच्या माळांची घरघर गिटारच्या वेटोळ्याने टिपली आणि डबीने तीही इमानेइतबारे मोठी केली. बुवांनी गाणे थांबवले नाही. मागे वळून ते एवढेच म्हणाले, “पुता, मातशें सवकास.” मंडळींचे समाधान मात्र तेवढ्याने झाले नाही. देवळाच्या चौकात असले यंत्र हवेच कशाला, गिटारच बंद करावी, असे दोघातिघांनी स्पष्ट बोलून दाखवले. पंधरा दिवसांनी पुढची एकादशी होती. एका बाजूला बुवांचा उरलेला गळा आणि दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचा, देवळात स्वखुशीने येऊन बसणारा मुलगा. यांतले एक राखायला दुसरे सोडावे लागावे, हे मला पटेना.

त्या पंधरवड्यात आम्ही दोघे अग्रशाळेत बसून एक प्रयोग करीत होतो. कानाचा एक जुना दोष आहे. थोडा मोठा आवाज त्याला आपोआप अधिक चांगला वाटतो. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आवाज हळू असला म्हणजे कान खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो. आवाज चढवला, की ते स्वर उघडे पडतात आणि आपण म्हणतो, वा, काय भरदार! तेव्हा डबीने खरोखर काय दिले हे पाहायचे, तर खटका दाबल्यावर ध्वनिवर्धक तितकाच खाली आणायचा आणि दोन्ही आवाज सारखे करून मग ऐकायचे. आम्ही तसे केले. डबीच्या अनेक जागी केवळ मोठेपणाच होता; आवाज सारखा करताच भाच्याला आवडलेला फरक नाहीसा झाला. एका जागी मात्र तो टिकला. घुंडी तिसऱ्या हिश्श्यावर, गिटारवरचे बटण जरासे मागे, खालचे स्वर उतरवलेले, आणि मोठ्या ध्वनिवर्धकाऐवजी त्याच्याजवळचा पाच वॉटचा लहान व्हॉल्व्हचा. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर शक्ती जवळजवळ दसपट लागते. त्यामुळे लहान ध्वनिवर्धक काही कुजबुजत नाही, पण त्याचा व्हॉल्व्ह लवकर भरतो आणि बोलण्याएवढ्या आवाजातही स्वर दाट राहतो. पखवाजाची धुमा खाली, झांजा वर, पेटी आणि बुवा मध्ये. या मांडणीत गिटारला जी अरुंद फट मोकळी होती, तीत तो नाद नेमका बसला. रोषणाईच्या माळांपासून दूर, खांबाच्या आडोशाला बसल्याने घरघरही गेली.

पुढच्या एकादशीला बुवांनी मागे वळून पाहिले नाही. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकांनी मला विचारले, “आज त्याने ती डबी आणली नव्हती ना?” डबी भाच्याच्या पायाखालीच होती आणि खटका सुरू होता. मी तसे सांगितले. ते क्षणभर घोटाळले आणि म्हणाले, “मग राहू दे.”

विजेने घडवलेला नाद कृत्रिम, असे अजूनही कोणी म्हणतात. त्यांना मी आमच्या घुमटाची आठवण देतो. मातीच्या त्या भांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले, दुसरे उघडे. वाजवणारा उघड्या तोंडावर हात ठेवतो, काढतो, अर्धा झाकतो, आणि त्या हाताने नाद घडतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. आज कायद्याने तिला संरक्षण असल्यामुळे बकऱ्याचे लावतात, आणि सुवारी तरीही सुवारीच राहिली. २०१९ साली गोव्याने याच घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. मांडोत तो व्हायोलिनच्या शेजारी बसला, आरतीत शामेळाच्या. कोठेही त्याने शेजाऱ्याला गिळले नाही. नाद हाताने घडवला की पायाखालच्या डबीने, याचे मला फारसे महत्त्व वाटत नाही. शेजारी कोण गात आहे, हे वाजवणाऱ्याला ऐकू येते की नाही, एवढेच पाहावे.

आज आपल्या देवळादेवळांतून जत्रेच्या, सप्ताहाच्या निमित्ताने नवनवी यंत्रे येत आहेत. ती येऊ द्यावीत. मात्र विकत घेण्यापूर्वी मंडळींनी एकदा ती आवाज सारखा करून ऐकावीत, आणि ऐकताना समोर गावातले सर्वांत वृद्ध गाणारे माणूस बसवावे. त्याचा शब्द न् शब्द पोचला, तर यंत्र खुशाल घ्यावे.