जळगाव ते धुळे, नव्वद मिनिटं

या मिक्समध्ये २१ गाणी आहेत. सगळ्यात जुनं चक बेरीचं, १९५८चं. सगळ्यात नवं एसी/डीसीच्या २०२०च्या अल्बममधलं. मध्ये ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल, क्वीन, मेटॅलिका, निर्वाना, द व्हाइट स्ट्राइप्स आणि आपल्याकडचे इंडस क्रीड, इंडियन ओशन. एकूण वेळ ९० मिनिटं. आमच्या जळगावच्या घरून धुळ्यात काकांच्या दारापर्यंत, पारोळ्याला चहासाठी थांबलो नाही तर, साधारण तेवढाच वेळ लागतो. रॉक ऐकणाऱ्या कुणालाही या यादीत विशेष काही वाटणार नाही. प्रत्यक्ष ऐकलं तर आणखीच कमी आवडेल. माझ्या चुलतभावाने दहा मिनिटांत इअरफोन काढले आणि म्हणाला, "सपाट वाटतंय यार." त्याचं बरोबर आहे. पण हे मिक्स त्याच्यासाठी नाहीच. ते आप्पांसाठी आहे.

आप्पा माझे वडील. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये त्यांनी २६ वर्षं काढली. मिल चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. कानात घालायला कुणी कधी काही दिलं नाही, आणि मागायचं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. ८५ डेसिबलच्या वर आठ तास रोज घालवले तर कान हळूहळू जातात, असं आज कुठल्याही आरोग्याच्या साइटवर वाचायला मिळतं. तेव्हा मिलमध्ये त्याला 'सवय होणं' म्हणत.

दोन वर्षांपूर्वी कानाची तपासणी झाली. तो आलेख माझ्या फोनमध्ये आहे. खालच्या सुरांना, म्हणजे २५० ते १००० हर्ट्झपर्यंत, रेघ जवळजवळ सरळ आहे. २०००नंतर ती उतरायला लागते आणि ४०००ला खड्ड्यात जाते. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांच्या आलेखात हा खड्डा हमखास याच जागी असतो. भाषेत याचा अर्थ असा की स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखी हवेतली व्यंजनं गळून पडतात. बोलणं कानावर येतं, शब्द येत नाहीत. फोनवर आप्पा लागोपाठ "हो, हो" म्हणायला लागले की मी समजतो, गाडी सुटली.

मग त्यांना रॉक कशाला? आवडीची भावगीतं, भजनं का नाही?

तेच आधी लावायचो. पण त्या गाण्यांचे शब्द त्यांना पाठ आहेत, आणि आता ते शब्द कानापर्यंत येत नाहीत. ते मान हलवत ऐकतात, आणि मग स्वतःच म्हणतात, "बंद कर." हरवलेली वस्तू रोज कशाला मोजायची? इंग्रजी गाण्यात हरवायला शब्दच नाहीत. त्यातलं त्यांना काहीच कळत नाही आणि मलाही निम्मंच कळतं. तिथे आम्ही जवळपास सारखे असतो.

दुसरं कारण आवाजाचं. ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७व्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायला त्याला हीच बोटं लागायची. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा माणूस जळालेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतो, असं सांगितलं. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. पुढे १९७१च्या अल्बममध्ये, तारांचा ताण कमी व्हावा म्हणून, त्याने त्या सैल केल्या आणि सूर खाली उतरला. हेवी मेटलचा तो जाड, खर्जातला आवाज असा आला. तो नेमका आप्पांच्या आलेखातल्या सरळ रेघेवर पडतो. आयोमीची गोष्ट सांगितली तेव्हा आप्पांनी फक्त एक प्रश्न विचारला, "भरपाई मिळनी का त्याले?"

आता मिक्सकडे येऊ. वेगवेगळ्या काळातली गाणी जोडताना पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. १९५८चं रेकॉर्डिंग आणि २००८चं रेकॉर्डिंग एकाच व्हॉल्यूमला लावलं तर पहिलं शेजारच्या खोलीत वाजतंय असं वाटतं. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी गाणी अधिकाधिक मोठी करायला घेतली. हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग दाबायचे, म्हणजे सगळंच मोठं. मेटॅलिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा हजारो चाहत्यांनी तो पुन्हा मिक्स करा म्हणून सह्या केल्या होत्या. या दाबादाबीला कॉम्प्रेशन म्हणतात आणि रॉकवाल्यांच्या गप्पांमध्ये हा शब्द शिवीसारखा येतो.

आप्पांच्या कानाची गंमत अशी की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम टोचतो. मधली जागा अरुंद झाली आहे. घरी हे रोज घडतं. "जेवायला या" म्हटलं तर उत्तर नाही, जोरात म्हटलं तर "ओरडतो कशाले?" क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) लावून पाहिलं तर सहा मिनिटांत तेच झालं. सुरुवातीचा पियानो गिरणेच्या पुलावर टायरच्या आवाजात बुडला, आणि पुढे गिटार आली तसा आप्पांचा हात बटणाकडे गेला.

म्हणजे ज्या कॉम्प्रेशनला सगळे नावं ठेवतात, तेच मला हवं होतं. ऑडॅसिटीमध्ये प्रत्येक गाण्याचे मोठे भाग दाबले, हळू भाग वर आणले आणि सगळी गाणी एका पातळीवर बसवली. ४०००च्या आसपास थोडंच वाढवलं. तिथे कितीही ओतलं तरी खड्डा भरत नाही, नुसता टोचतो. "काय करी राहिना?" आप्पांनी मागे उभं राहून विचारलं. म्हटलं, कॉम्प्रेसर लावतोय. मिलमध्ये हवेचा कॉम्प्रेसर होता, त्यामुळे त्यांना हे काम खरं वाटलं.

दुसरी अडचण सांध्यांची. जुन्या बँडचे ड्रमर बहुतेक वेळा मेट्रोनोमशिवाय वाजवायचे, त्यामुळे एकाच गाण्यात लय पुढेमागे होते. सॉफ्टवेअर ताल मोजतं, पण मध्येच चकतं. इथे खानदेशातली वरात कामाला आली. आपल्याकडचा बँड गाणं बदलतो तेव्हा सूर थांबतात, ढोल थांबत नाही. नाचणाऱ्याचा पाय हवेत राहू नये एवढंच बघायचं. मीही जिथे जमलं तिथे फक्त ड्रमचा तुकडा पूल म्हणून ठेवला आणि त्यावरून पुढच्या दशकात गेलो.

"यात आपलं कुणी आहे का?" असंही आप्पांनी विचारलं. आहे की. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बुलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड तिथलाच. आणि १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. ती तबकडीही २७ तुकड्यांचं, साधारण ९० मिनिटांचं मिक्सच. ते कोण ऐकणार, त्याला कान असतील का, हे करणाऱ्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे निदान श्रोत्याचा आलेख होता.

शेवटचं गाणं एसी/डीसीचं ठेवण्यामागेही कारण आहे. त्यांचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आता स्टेजवर गेलास तर पूर्ण बहिरा होशील. तो दौऱ्यातून बाहेर पडला. २०२०च्या अल्बममध्ये तो परत आहे. कान गेले म्हणून कानाचं काम संपत नाही, असं मला आप्पांना सांगायचं होतं. तोंडाने सांगितलं असतं तर "हो, हो" म्हणाले असते.

एरंडोल मागे पडल्यावर आप्पांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला. मिलमध्ये कुठलं बेअरिंग ढिलं झालंय ते असाच हात ठेवून ओळखायचे. सॅबथचं गाणं संपेपर्यंत हात तिथेच होता. "हाई बरं शे," म्हणाले. कुठलं, हे मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ते कानाचं मशीन लावून बघायला तयार झाले. दोन वर्षं नकोच म्हणत होते. तिथल्या मुलीने समजावलं की मशीन हळू आवाज वर आणतं आणि मोठा आवाज आवरून धरतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे तुन्हा गानासारखं."

मशीन घेतलं. घरात ते अजून टिकत नाही. कुकरची शिटी, पंखा, ताटातला चमचा, सगळंच एकदम अंगावर येतं म्हणतात. बहुतेक दिवस ते डबीत असतं. गाडीत बसले की तेवढं घालतात. परवा पारोळ्याच्या पुढे त्यांनी गाणं थांबवायला सांगितलं आणि विचारलं, "तू आता काय बोलला?" मी काहीच बोललो नव्हतो. मग बोलायला लागलो. धुळं येईपर्यंत गाणी बंदच होती.