सेल्फची तेरीज

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख लिहावा, ही नसती उठाठेव असे माझे मित्र म्हणतील. म्हणोत बापडे! पण तेरीज का जुळत नाही, हे पुस्तपालनाच्या तासाला मला जेवढे कळले नाही, तेवढे इच्छापोरच्या एका म्हाताऱ्या लष्करी ट्रकने शिकवले. म्हणून हा प्रपंच.

इच्छापोर हे गाव सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे कारखाने आणि बंदर, त्यामुळे अवजड गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू. माझ्या मामांचे तेथे लहानसे गॅरेज आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्यासाठी त्यांनी एक जुना 'शक्तिमान' घेतला आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून हे ट्रक बनू लागले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनी जवान आणि दारूगोळा वाहिला. १९९६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. म्हणजे हा ट्रक वयाने माझ्यापेक्षा कितीतरी वडील!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निपाणीहून मामांकडे गेलो होतो. रिकामे बसवेना, म्हणून ट्रकची चासी रंगवायला घेतली. बॅटऱ्या उतरवल्या, गंज खरवडला, आधी रेड ऑक्साइड आणि वर लष्करी हिरवा रंग दिला. मग सगळे जिथल्या तिथे घट्ट आवळून बसवले. मामांनी पाठ थोपटली आणि मीही फुगलो.

दुसऱ्याच दिवशी पहाटे फोन आला. भरलेला ट्रेलर रस्त्यात अडकला होता. मामांनी शक्तिमानचा सेल्फ दाबला. कट्-कट्-कट्! इंजिन जागचे हलेना. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ दाबला की दिवेही मलूल. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले.

पंधराच दिवसांपूर्वी आप्पांनी तो सेल्फ उघडून त्यात नवे कार्बन आणि बुश घातले होते. आप्पा आमचे मिस्त्री. नंदुरबारकडचे, साठीचे, पोटासाठी सुरतेला आलेल्या असंख्य खानदेशी माणसांपैकी एक. मामा संतापून म्हणाले, "आप्पा, काम नीट केलं नाहीत. आता नवा सेल्फ आणावा लागणार. पैसे तुमच्या पगारातून कापीन."

आप्पा काही बोलले नाहीत. एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवू लागले. मामा फोन करायला आत गेले, तशी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाचे, तू हिशेब शिकतो ना भो? मग धर मीटर. आधी हिशेब मांडू, मग कोणाचे पैसे कापायचे ते ठरवू."

गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, चाकाला दगड लावला. गॅरेजमधला पोरगा सेल्फ दाबायला केबिनमध्ये बसला. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून काटा पंचवीसवर होता. सेल्फ दाबला तरी तो जेमतेम हलला. आप्पा म्हणाले, "बॅटरी बसली असती तर काटा खाली आला असता. हिच्याकडून माल उचललाच जात नाही." मग मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी सेल्फच्या टोकाला लावली. सेल्फ दाबला, तूट नगण्य. जाण्याची वाट चोख होती. शेवटी एक तार उणे टोकाला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला. सेल्फ दाबताच काटा विसाच्या पुढे पळाला! तेथे अर्धा व्होल्टही दिसायला नको. साऱ्या व्होल्टांचा अपहार परतीच्या वाटेवर होत होता.

वीज सेल्फपर्यंत गेली म्हणजे भागत नाही. चासीच्या लोखंडातून तिला बॅटरीकडे परतही यावे लागते. दिव्यांची मागणी थोडी, ती अरुंद वाटेनेही भागते. सेल्फ मागतो काहीशे अँपिअर. तेवढ्याला वाट मिळाली नाही की सोलेनॉइड नुसता टकटकतो. आप्पांनी एक जाड केबल उणे टोकावरून थेट इंजिनला लावली. दोन फेऱ्यांत शक्तिमान धडधडू लागला. सेल्फ निर्दोष होता!

आम्ही दोघे चासीला लावलेल्या अर्थच्या पट्टीपाशी वाकलो. पट्टीखाली माझा हिरवा रंग चकाकत होता. लोखंडाला लोखंड टेकलेच नव्हते. आप्पांनी पट्टीकडे पाहिले, मग माझ्या नखांतल्या हिरव्या रंगाकडे, आणि मान फिरवून विडी पेटवली.

वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी मला वाटले, गुपचूप रंग खरवडून टाकावा. गाडी चालू झाली, मग कोण विचारतो? आमची आजी हिशेब फसला की कानडीत म्हणते, "लेक्क तप्पितु." हिशेब चुकला; कोणी चुकवला ते त्यात येत नाही. पण खोट माझ्या हातची आणि नाव आप्पांचे, ही नोंद तशीच राहिली असती.

मी आत जाऊन मामांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग बाहेर येऊन एवढेच म्हणाले, "आप्पा, पेटी उघडा. चहा येतोय."

पट्टी मीच सोडवली. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईतो घासले, बोल्ट आवळला, ग्रीस फासले. आप्पा बाजूला उभे राहून पाहत होते. "रंग लावायला हरकत नाही भो," ते म्हणाले, "पण जोड बसल्यावर."

कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी तेरीज जुळली नाही. पूर्वी मी शेजाऱ्याच्या वहीत डोकावत असे. या वेळी आधी माझ्या स्वतःच्याच नोंदी तपासल्या. चूक तेथेच निघाली.