मटारचा आधार
मटारच्या वेलाला आधार देताना तो किती उंच जाईल याचाच हिशेब बहुधा आधी केला जातो. वास्तविक आधी पाहायला हवे ते त्याच्या तणाव्याकडे. तणावा, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेतील प्रतान, हे मटारमध्ये संयुक्त पानाच्या टोकाकडील दलांचेच रूपांतर असून, कशाचाही स्पर्श होताच तो त्या बाजूला वळतो आणि सापडलेल्या वस्तूला वेटोळे घालतो. वेलघेवडा आपले खोडच खांबाभोवती गुंडाळीत चढतो, त्यामुळे त्याला जाड बांबूही चालतो. मटारचे खोड मात्र पोकळ, नाजूक आणि स्वतः वेढे न घालणारे असल्याने सारी भिस्त या दोऱ्याएवढ्या अवयवावर राहते, आणि मनगटाएवढ्या बांबूला त्याचा विळखा पुरत नाही.

म्हणून बारीक फांद्यांची वाळकी काटकी हाच मटारचा खरा आधार होय. महाराष्ट्रात त्यासाठी तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडे, उत्तम. फक्त मटारची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि तुरीची काढणी त्यानंतर होत असल्याने मागील वर्षीच्या तुराट्या चुलीपासून वाचवून ठेवाव्या लागतात. त्या पेरणीच्या वेळीच रोवाव्यात, कारण उशिरा रोवल्यास कोवळी मुळे दुखावतात आणि तोवर आडवे पडलेले वेल उचलताना मोडतात. अर्केलसारख्या बुटक्या जातींना आधाराविनाही निभावता येते, तरी ओल्या मातीला टेकलेल्या शेंगा कुजतात, हे ध्यानात घेता त्यांनाही हातभर उंचीच्या काटक्या देणे शहाणपणाचे.

ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत मटारवर केलेले, 1866 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आनुवंशिकतेसाठी सर्वज्ञात आहेत. त्यांतील उंच वेल सहा-सात फुटांपर्यंत जात आणि ते काठ्या, झाडांच्या फांद्या व ताणलेल्या दोऱ्या यांच्या आधारे उभे ठेवले जात, या तपशिलाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

नायलॉनची जाळी सोयीची खरी, पण हंगाम संपल्यावर वाळून चिवट झालेले तणावे तिच्यातून सोडवताना त्या सोयीची किंमत मोजावी लागते. तुराट्या वेलांसकट उपटून, तोडून खतखड्ड्यात टाकता येतात. मात्र त्याआधी वेल जमिनीलगत कापून घ्यावेत, म्हणजे नत्र स्थिर करणाऱ्या गाठींसह मुळे वाफ्यातच राहतील.