नौरूच्या विश्वस्तांचा जमाखर्च

वसाहतींच्या मुक्तीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढे, तुरुंगवास आणि वाटाघाटी यांचा इतिहास म्हणून वाचला जातो, आणि आपला स्वतःचा अनुभव पाहता ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या मुलखांवर अंमल परक्यांचा होता आणि तरीही त्या परक्यांना आपल्या कारभाराची कैफियत दरसाल संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त मंडळापुढे द्यावी लागत होती, अशा अकरा विश्वस्त प्रदेशांची हकीकत निराळी आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास करताना त्या अकरांतील सर्वांत लहान प्रदेशाकडे, प्रशांत महासागरातील नौरू बेटाकडे, माझे मन वारंवार ओढले गेले.

विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे 21 चौरस किलोमीटर. किनाऱ्यालगत नारळी-केतकीची अरुंद पट्टी, आणि आत उंचावर एक पठार, ज्यातील चुनखडकांच्या सुळक्यांमधल्या पोकळ्या उत्तम प्रतीच्या फॉस्फेटने भरलेल्या होत्या. 1888 मध्ये जर्मनीने बेट घेतले. 1914 मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाची फौज उतरली. आणि 1919 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी आपसांत करारनामा करून खाणी ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ या मंडळाच्या हवाली केल्या व मालाची वाटणी 42, 42 आणि 16 टक्के अशी ठरविली. राष्ट्रसंघाने या बेटाचे मँडेट दिले ते 1920 च्या डिसेंबरात, म्हणजे वाटणी होऊन गेल्यावर. पुढील सारा अनर्थ या क्रमातच बीजरूपाने आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाणकाम म्हणजे काय होई, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रथम झाडझाडोरा तोडावयाचा, मग वरची माती खरवडून काढावयाची, आणि मग सुळक्यांच्या फटींतून फॉस्फेट उपसून जहाजांवर चढवावयाचे. मागे उरत ते पुरुषभर उंचीचे आणि त्याहूनही उंच, करवतीसारखे धारदार चुनखडकाचे सुळके, ज्यांच्यामध्ये ना पेरता येते, ना घर बांधता येते, ना धड चालता येते. या फॉस्फेटवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणे आणि शेते पोसली गेली, तीही जागतिक बाजारभावाहून कमी दरात. आणि ज्यांची जमीन खोदली गेली त्यांच्या हाती आरंभीच्या काळात टनामागे अर्धा पेनी पडे.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे 1200 नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. त्यांपैकी 737 जण 31 जानेवारी 1946 रोजी परतले. 1947 मध्ये नौरू विश्वस्त प्रदेश झाला, तिन्ही राष्ट्रे संयुक्त विश्वस्त ठरली, आणि तिघांच्या वतीने कारभार ऑस्ट्रेलियाने चालविला. विश्वस्त मंडळाजवळ हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. त्याचे निम्मे सभासद तर स्वतःच विश्वस्त प्रदेशांचे कारभारी होते. वार्षिक अहवाल तपासणे, रयतेचे अर्ज ऐकणे, पाहणीसाठी शिष्टमंडळे धाडणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे, एवढेच त्याचे सामर्थ्य. पुष्कळ विद्वानांनी या मंडळाला दुबळे म्हटले आहे. मला तो निवाडा उतावळेपणाचा वाटतो, कारण नौरूच्या बाबतीत अखेरीस ती नोंदच कामास आली.

बेट राहण्यायोग्य उरणार नाही हे उघड झाल्यावर संपूर्ण समाजच क्वीन्सलंडलगतच्या कर्टिस बेटावर हलविण्याची योजना पुढे आली. तेथे सार्वभौमत्व मिळणार नव्हते, आणि म्हणून 1964 मध्ये नौरूवासीयांनी ती नाकारली. हॅमर डीरॉबर्ट हे त्यांचे प्रमुख. पेशाने पूर्वी शिक्षक, आणि ट्रुकच्या हद्दपारीतून परतलेल्यांपैकी एक. 1967 च्या करारान्वये खाणींचा सारा कारखाना 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना नौरूने विकत घेतला, म्हणजे आपल्याच भूमीवरील खाणींसाठी त्यांना किंमत मोजावी लागली. स्वातंत्र्याची तारीख ठरली 31 जानेवारी 1968, ट्रुकहून परतल्याचा स्मृतिदिन. त्या आधीच्या नोव्हेंबरात विश्वस्त मंडळापुढे बोलताना डीरॉबर्ट यांनी विश्वस्त राष्ट्रांविषयी सद्भाव व्यक्त केला, आणि त्याच भाषणात, एका विषयावर मतभेद कायम आहे, खोदून टाकलेल्या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी आम्ही सोडून दिलेली नाही, अशा आशयाचे शब्द दप्तरात दाखल केले. निरोपाच्या प्रसंगी, भोवती अभिनंदनाची भाषणे चालू असताना, हे शब्द उच्चारावयास फार मोठे धैर्य लागते, आणि त्या माणसाविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो मुख्यतः या एका प्रसंगामुळे.

1989 मध्ये नौरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध फिर्याद गुदरली. 1967 च्या करारानेच सर्व दावे सोडून देण्यात आले, असा ऑस्ट्रेलियाचा एक आक्षेप होता. ब्रिटन व न्यूझीलंड हजर नसता हा खटला चालू शकत नाही, असा दुसरा. न्यायालयाने 26 जून 1992 रोजी दोन्ही फेटाळले, आणि पहिल्याचा विचार करताना डीरॉबर्ट यांचे ते पंचवीस वर्षांपूर्वीचे निवेदन विचारात घेतले. गुणदोषांवर सुनावणी होण्यापूर्वीच, ऑगस्ट 1993 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. पठार या रकमेने पूर्ववत झालेले नाही. त्याचा फार मोठा भाग अजून तसाच उजाड आहे. परंतु ज्यांच्या गैरहजेरीचा मुद्दा न्यायालयात एवढ्या आग्रहाने मांडला गेला होता, त्या ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनीही नंतर प्रत्येकी 1 कोटी 20 लाख डॉलरचा वाटा या रकमेत भरला.