साक्षीदार कोण, ते आधी बघते

गुन्ह्यावरचं पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरचा मजकूर मी सोडून देते. मला आधी कळायला हवं असतं की यात बोलतंय कोण आणि कुणासमोर बोलतंय. फौजदारासमोर, न्यायाधीशासमोर, वार्ताहरासमोर, की घरच्या माणसांसमोर? खून तोच असतो, पण ऐकणारा बदलला की सांगण्याची चाल बदलते. गेल्या पावसाळ्यापासून हा एकच प्रश्न मनात धरून बरंच वाचलं. त्यात कादंबऱ्या होत्या, खऱ्या गुन्ह्यांच्या हकीकती होत्या, आणि लग्नानंतर सगळं आयुष्य झाशीत गेल्यामुळे पुष्कळसं वाचन याच गावाचं निघालं.

अशा पुस्तकांची ओढ मात्र पुण्यातली. 1976 साली मी शाळेत होते. जोशी-अभ्यंकर खुनांनी त्या थंडीत पेठा दिवेलागणीलाच सामसूम व्हायच्या. आई कडी लावून वर अडसर घालायची आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडायची नाही. पुढे कळलं की मारेकरी बाहेरून आलेले दरोडेखोर नव्हतेच, अभिनव कला महाविद्यालयातली तरुण मुलं होती. दहा माणसं त्यांनी मारली. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांच्यापैकी मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय ॲम गिल्टी’ मला इतकी वर्षं वाचवत नव्हतं. यंदा नणंद पंजाब मेलने आली तेव्हा तिच्याकडून मागवून घेतलं आणि वाचलं.

पुस्तक खाली ठेववत नाही, हे खरं. पण वाचताना सतत टोचत राहतं की मारणारा बोलतोय आणि मेलेल्यांच्या बाजूने बोलायला त्या पानांवर कुणी नाही. त्याचा पश्चात्ताप खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या गळ्यापाशी दोर आलाय त्याच्या पश्चात्तापाची पारख मी कोण करणार? मला एवढंच वाटतं की कबुलीजबाब हा गुन्ह्याच्या गोष्टीचा एक तुकडा असतो, आणि आपण वाचक त्या एका तुकड्यालाच आख्खी गोष्ट समजून पुस्तक मिटतो. आमच्या पेठेतल्या माणसांनी ते महिने कसे काढले, ज्या घरांत कुणी उरलं नाही त्यांच्या शेजाऱ्यांनी सकाळी काय पाहिलं, हे मला वाचायचं आहे.

हाच विचार डोक्यात घेऊन फिलिप मेडोज टेलरचं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ पुन्हा वाचलं. 1839 ची कादंबरी. अमीर अली तुरुंगातून साहेबाला आपली कहाणी सांगतो, सातशेवर माणसं मारल्याचं सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात अशी मोहिनी आहे की प्रवाशांबरोबर वाट चालणारी ती गोड बोलणारी टोळी आपल्यालाही सोबतीची वाटायला लागते. टेलरची खरी करामत ती. अमीर अली एकदाच मोडतो, नकळत स्वतःच्या बहिणीला मारल्याचं कळल्यावर. तिथे मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या आधीच्या शेकडो बहिणींसाठी तो मोडला नाही, आणि टेलरने ते आपल्याला शब्दाने न सांगता दाखवलं.

पण या कादंबरीमागची खरी व्यवस्था विसरून चालत नाही. कंपनीचा अधिकारी स्लीमन याने ठगांविरुद्धची मोहीम चालवली ती माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला. म्हणजे ज्याने जबानी दिली त्याचा जीव वाचणार आणि ज्याचं नाव तो घेईल तो आत जाणार. अशा जबान्यांत खरं किती आणि जीव वाचवण्यासाठी रचलेलं किती? टेलरच्या कादंबरीत साहेब जवळजवळ गप्प ऐकत बसलेला असतो. मला तो गप्प माणूसच महत्त्वाचा वाटतो, कारण अमीर अलीचा शब्द न् शब्द त्याच्यासाठी आहे.

मधे हिंदीतल्या सुरेंद्र मोहन पाठकांची ‘पैंसठ लाख की डकैती’ स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणून एका बैठकीत संपवली. 1977 ची ही कादंबरी लिहिणारा माणूस टेलिफोन कारखान्यात नोकरी करून लिहीत होता, हे कळल्यापासून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तिचा नायक विमल कायद्यापासून पळणारा, आणि तरी शब्दाला जागणारा. कथानकाची गाठ कशी मारावी ते पाठकांकडून शिकावं. अशा पुस्तकांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता झाशीकडे येते. किल्ल्याजवळची जोखनबाग आज एक मोहल्ला आहे. माणसं भाजी घेतात, रिक्षा थांबतात. 8 जून 1857 ला तिथे साठेक इंग्रज आणि युरेशियन माणसं मारली गेली, बायका आणि मुलंही. पलटणींनी उठाव केल्यावर ही मंडळी किल्ल्यात शिरली होती. सुपरिंटेंडेंट कॅप्टन स्कीन त्यांच्यात होता. जीव वाचवू असं वचन मिळालं म्हणून ती बाहेर आली आणि त्यांना बागेत नेऊन कापलं. रिसालदार काले खान आणि तुरुंगाचा दारोगा बख्शीश अली ही नावं पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न उरतो तो राणी लक्ष्मीबाईंचा, आमच्या बाईसाहेबांचा. हे त्यांच्या हुकमाने झालं का?

शेजारच्या घरातला मुलगा बुंदेलखंड विद्यापीठात शिकतो. माझ्याकडे इंग्रजी पुस्तकं न्यायला येतो. त्याने एकदा दारातच विचारलं, “आंटी, सच बताइए, रानी ने मरवाया था क्या?” माझ्या सासूबाई आत जपाला बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “त्याला सांग, बाईसाहेबांनी मुलांवर हात टाकला नसता.” सासूबाईंच्या घराण्यात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अशीच सांगितली गेली. माझंही मन तेच म्हणतं. पण त्या मुलाला मनाचं उत्तर नको होतं.

म्हणून मी साक्षीदार मांडून बसले. एक मिसेस मटलो. देशी पोशाखात लपून मुलांसह वाचलेली. तिच्या जबानीत राणीवर बोट आहे. स्कीनचा खानसामा शहाबुद्दीन, त्याचीही जबानी नोंदवलेली आहे. या जबान्या घेतल्या गेल्या त्या सूड घ्यायला निघालेल्या सत्तेसमोर. सुरेंद्रनाथ सेन यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात या साक्षी तपासल्या आणि मटलोच्या सांगण्याबद्दल शंका घेतली. दुसऱ्या बाजूला 1889 मध्ये मार्टिन नावाच्या गृहस्थाने दामोदररावांना लिहिलेलं पत्र आहे, राणीचा यात हात नव्हता असं सांगणारं. तीस वर्षांनी, आणि दत्तक मुलाला लिहिलेलं.

आणि बाईसाहेबांची स्वतःची पत्रं. 12 आणि 14 जूनला त्यांनी कमिशनर अर्स्किनला लिहिलं: शिपायांनी क्रूरपणे माणसं मारली, आपल्याजवळ फौज नव्हती, आपल्यालाही धमकावून पैसे घेतले. अर्स्किनने तेव्हा ते मानलं आणि नवा अंमलदार येईपर्यंत कंपनीच्या वतीने कारभार पाहा असं कळवलं. बाईसाहेबांवर माझी श्रद्धा आहे, आणि तरी या पत्रांना मी तोच प्रश्न विचारते जो मुनव्वर शाहला आणि अमीर अलीला विचारला. ही पत्रं त्या सत्तेला लिहिलेली आहेत जी त्यांना पुढे फासावर देऊ शकली असती. तो प्रश्न विचारूनही माझं मत त्यांच्याच बाजूने पडतं, कारण हत्याकांडातून त्यांना मिळणारं काही नव्हतं, आणि शिपाई पैसे घेऊन दिल्लीकडे निघून गेल्यावर त्याचं सगळं ओझं त्यांच्या एकटीच्या शहरावर पडलं. त्या मुलाला मी हे असंच सांगितलं, कागदांसकट.

कादंबरीकारांनी जोखनबागेचं काय केलं, यावरून मी हल्ली त्यांना जोखते. वृंदावनलाल वर्मा झाशीचेच वकील. त्यांची ‘झाँसी की रानी’ 1946 ची. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले, आणि लहानपणी घरातल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी हे सगळं ऐकलेलं. पारसनिसांच्या 1894 च्या मराठी चरित्राने राणी नाइलाजाने लढली असा सूर लावला होता, वर्मांना तो मान्य नव्हता. ही कादंबरी मला प्रिय आहे ती त्यातल्या बायकांमुळे. झलकारी, मोतीबाई, जुही, मुंदर. हळदीकुंकवात झलकारीकडून नवऱ्याचं नाव काढून घेतात तो प्रसंग वाचताना, बुंदेलखंडातल्या वाड्यात आपल्याकडचं हळदीकुंकू कसं रुजलं ते डोळ्यांपुढे येतं. आमच्या घरी ते अजून होतं, आणि शेजारच्या बुंदेली बायका पहिल्या रांगेत असतात. पण जोखनबागेत वर्मा वकिलासारखेच वागतात, आपल्या पक्षकाराला पटकन बाहेर काढतात. मेलेल्या मुलांपाशी ते थांबत नाहीत. इतका मोठा लेखक थांबला असता तर राणी लहान झाली नसती.

महाश्वेतादेवींचं ‘झाँसीर रानी’ 1956 चं, त्यांचं पहिलं पुस्तक. लहान मुलाला घरी ठेवून ही तरुण बाई बुंदेलखंडभर फिरली, गावोगावची गाणी आणि आठवणी गोळा केल्या, राणीचे भाचे गोविंद चिंतामण तांबे यांच्याकडून घरातली माहिती घेतली. तीही राणीच्याच बाजूची. पण ती कागद वाचकापुढे ठेवते, लोकांच्या आठवणींना सरकारी दप्तराच्या शेजारी जागा देते. सध्या मला तेच पुस्तक सगळ्यांत जवळचं वाटतं. जयश्री मिश्रांच्या ‘राणी’वर 2008 मध्ये उत्तर प्रदेशात बंदी आली, राणी आणि इंग्रज अधिकारी एलिस यांच्यात प्रेम रंगवलं म्हणून. ती कल्पना मला मुळीच पटली नाही. बंदी त्याहून कमी पटली. वाईट कल्पनेला वाचकच पुरून उरतो.

आणि मग ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाले आणि नेमके 1857 मध्ये सापडले. शाळेत यातला एखादा उतारा वाचला असेल, आता पूर्ण वाचा, आणि खऱ्या गुन्ह्याचं पुस्तक म्हणून वाचा. जोखनबागेच्या वेळी ते झाशीत नव्हते. त्यामुळे तिथलं त्यांचं सांगणं ऐकीव, आणि मी ते तेवढ्यापुरतंच घेते. पण मार्च-एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने शहराला वेढा घातला तेव्हा ते आत होते. 3 एप्रिलला गोरे शिपाई तटावरून आत उतरले आणि जोखनबागेचा सूड झाशीच्या गल्ल्यांतून घेतला गेला.

गोडसे लपून होते. त्यांनी जे सांगितलंय ते माणसाच्या उंचीवरून दिसलेलं आहे. पुरुष दिसला की मारायचा. गवतात लपलेल्यांना गवतासकट पेटवलं, लोक विहिरींत उतरले. लूट तर रीतसर पाळीने: आधी सोनंचांदी, मग तांबंपितळ, मग कपडेलत्ते, मग धान्य, शेवटी कुणाला नको असलेल्या वस्तूसुद्धा. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची बासनं कापडासाठी सोडून घेतली आणि पोथ्या फेकून दिल्या, यावर हा भटजी माणसांच्या मरणाइतकाच कळवळतो. जोखनबागेत मेलेल्यांची नावं इंग्रजांनी जपून लिहून ठेवली. झाशीच्या गल्ल्यांत मेलेल्यांची यादी कुणी केली नाही. त्यांच्या वतीने बोलणारा वरसईचा हा एक गरीब याज्ञिक.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग मी अनेकदा काढून वाचते. पराभवानंतर बाईसाहेब घोड्यावरून येतात, पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने तोंड सुकलेलं. गोडसे पाणी काढायला पुढे होतात. त्या थांबवतात. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि रश्शी हातात घेऊन मडकं विहिरीत सोडतात, ओंजळीने पितात. राणीला शूर ठरवण्याची गोडसेंना इथे काही गरज नाही. त्यांना दिसली ती एक दमलेली, ओळखीची बाई.

हे सगळं त्यांनी लिहिलं पाव शतकानंतर, कल्याणच्या वैद्य या आपल्या यजमान घराण्यातल्या चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि आपण असेपर्यंत छापू नका या अटीवर. फौजदार नाही, कमिशनर नाही, माफीचं आमिष नाही. ऐकणारा घरचा आणि छापणं मेल्यानंतर. मी आजवर वाचलेल्या सगळ्या जबान्यांत हीच मला सर्वांत मोकळी वाटते.

पुस्तक घेताना एक बघा. 1907 मध्ये वैद्यांनी छापलं ते त्यांनी आपल्या हाताने घडवून, काही गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढला. भाषा जुनी, वाक्यं लांब, शुद्धलेखन गोडशांचंच, आणि पहिल्या काही पानांत अडखळायला होतं. तरी पोतदारांचीच प्रत शोधा. हिंदी वाचणाऱ्यांसाठी अमृतलाल नागरांचं ‘आँखों देखा गदर’ आहे, शेजारच्या मुलाला मी तेच दिलं. मराठी वाचणाऱ्याने मात्र वरसईच्या माणसाचा आवाज मधे कुणी न येता ऐकावा.