नवरीच्या आईचे डोळे

लग्नाच्या मेकअपचं रेटकार्ड कधी नीट वाचलंय का? सगळ्यात वर नवरीचं पॅकेज: एचडी, एअरब्रश, हेअरस्टाईल, साडी नेसवणं, सगळं ठळक अक्षरात. मग करवली. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'आईचा मेकअप फ्री'. फ्री म्हणजे काय, तर नवरीला तीन तास आणि आईला दहा मिनिटं. त्यातली पाच मिनिटं ती उभीच असते, कारण आहेराच्या साड्यांची पिशवी कुठं ठेवलीय हे घरात फक्त तिलाच माहीत असतं.

कॉलेज सांभाळून मी दोन वर्षं इथं बेळगावात एका पार्लरवाल्या ताईंबरोबर लग्नांच्या कामाला जाते. नवरी ताईंकडे, आई, काकू, मावशी माझ्याकडे. शिकाऊ पोरीला सोपं काम दिलंय असं लोकांना वाटतं. आहे उलटं. बावीस वर्षांच्या पापणीवर काहीही काढा, दिसतं. पंचावन्न वर्षांच्या पापणीवर काढलेलं डोळा उघडला की गायब.

त्याला कारण आहे. पापणीची कातडी ही अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वय वाढेल तसा तिच्यातला ताण सुटतो, भुवईसुद्धा थोडी खाली सरकते, आणि जास्तीच्या कातडीची घडी पापणीच्या केसांपर्यंत उतरते. दुसरा प्रकार वेगळा. पापणी वर उचलणारा एक स्नायू असतो, त्याची पकड सैल झाली की पापणीची कडाच खाली येते. पहिल्यात कातडी लोंबते, दुसऱ्यात पापणी उतरते. बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं आणि तो म्हणतो, "काय काकू, झोप झाली नाही वाटतं?" हे वाक्य लग्नघरात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच उत्तर देते, "झाली हो, मस्त झाली."

मोबाईलवरचे बहुतेक व्हिडिओ सांगतात की डोळा मिटा आणि घडीत गडद रंग भरा. या डोळ्यांना ते चालत नाही, कारण भरलेला सगळा रंग घडीच्या आत जाऊन बसतो. म्हणून मी डोळा उघडा ठेवायला सांगते. समोर आरशात सरळ बघायचं, कपाळ सैल सोडायचं. कपाळाचं मुद्दाम सांगावं लागतं. या बायका दिवसभर भुवया उचलून बघत असतात, त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. भुवया वर असताना मेकअप केला आणि नंतर त्या दमून खाली आल्या, की सगळं बिघडलं. कपाळ सैल झालं की घडी खरी कुठं पडते ते दिसतं. तिच्या किंचित वर, हाडाच्या कडेला, मातकट ब्राऊन रंग हलक्या ब्रशनं फिरवायचा. मॅटच. चमकीचा रंग सुरकुती मोजून दाखवतो. चमक हवीच असली तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टिकलीएवढी.

लायनर ओढताना कातडी ताणायची नाही. ताणून काढलेली सरळ रेघ सोडल्यावर नागमोडी होते. त्यापेक्षा पापणीच्या केसांच्या मुळांशी पेन्सिलीचे बारीक ठिपके द्यायचे. अगदी आतल्या ओल्या कडेवर नको, तिथं तेलग्रंथींची तोंडं असतात आणि या वयात डोळे आधीच कोरडे पडलेले असतात. बाहेरचा कोपरा यायच्या थोडं आधीच रेघ वर वळवायची. कोपऱ्याच्या उतारानं गेली तर डोळा आणखी उतरलेला दिसतो. खाली जाड काजळ घातलं तरी तेच होतं. घरचं तुपातलं काजळ कितीही थंड असो, वरच्या घडीला त्याचा छाप उठतो, आणि अक्षता पडेपर्यंत वर-खाली दोन काजळं झालेली असतात. म्हणून घडीवर आधी प्रायमर, नाहीतर थोडी पावडर. पापणीचे केस कर्लरनं वळवून घ्यायचे. सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो असं माझं मत, आणि तेच घाईत सगळ्यात आधी वगळलं जातं.

गेल्या वर्षी कॅम्पातल्या एका लग्नाला नवऱ्याच्या आईचं काम माझ्याकडे होतं. सकाळी चर्च, संध्याकाळी रिसेप्शन. खुर्चीत बसल्या त्याच हनुवटी वर करून. मी दोनदा मान खाली करायला सांगितलं, दोनदा परत वर. शेजारी उभी असलेली त्यांची जाऊ हसून म्हणाली, "तिची मान तशीच असते, पहिल्यापासून जरा ताठच बाई." मी ब्रश ठेवला आणि बोट त्यांच्या डोक्याच्या वरच्या बाजूनं हळूहळू खाली आणलं. "आंटी, दिसलं की सांगा." बोट भुवईच्या बरंच खाली आल्यावर "हां" म्हणाल्या. वरचं त्यांना दिसतच नव्हतं. पापणीच्या कातडीचा पडदा झाला होता, आणि त्याखालून बघायचं तर हनुवटी वर करावी लागत होती. संध्याकाळी कपाळ दुखतं का विचारलं, तर म्हणाल्या, रोजच. मी काही डॉक्टर नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा एवढं म्हटलं. नजरेची कक्षा मोजायची तपासणी असते, गरज असली तर जास्तीची कातडी काढायचं ऑपरेशनही असतं, आणि ते काही फक्त नट्यांसाठी नसतं. जाऊबाई तोपर्यंत गप्प झाल्या होत्या.

यात एक गोष्ट मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते. वर्षानुवर्षं हळूहळू उतरलेली पापणी वेगळी. एकच पापणी एकाएकी पडली, सोबत एकाचे दोन दिसायला लागले किंवा डोकं प्रचंड दुखायला लागलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या मिटायलाच लागल्या असं रोज होत असेल, तरी दाखवायचं. स्नायू लवकर दमण्याचा एक आजार असतो, त्यात असं होतं. आपल्या आईचा चेहरा आपण रोज बघतो म्हणूनच आपल्याला हे दिसत नाही.

दुसरं एक लग्न शहापूरकडचं. नवरीच्या आईचे यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. खोलीत शिरताच कुणीतरी म्हणालं, "तिला कशाला, पावडर लाव नुसती." काकूही म्हणाल्या, "नको गं पोरी, लोक काय म्हणतील." मी त्यांना बसवलं. दार लावलं. ब्राऊन पेन्सिलीनं केसांच्या मुळांशी ठिपके दिले, वर थोडा मातकट रंग, बास. कुणाला मेकअप म्हणता येणार नाही आणि डोळा मात्र उघडेल, एवढंच. मनातून मला हा चोरटेपणा आवडत नव्हता. आरसा हातात दिला. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, बघितलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं,

"काळं नाही का तुझ्याकडं?"

होतं. बारीक रेघ काढली, कोपऱ्याशी वर वळवून. बाहेर गेल्यावर कोण काय म्हणालं ते मी ऐकलं नाही, मी तोपर्यंत त्यांच्या नणंदेच्या भुवया भरत होते.

चष्म्याचं मात्र तेव्हापासून डोक्यात बसलंय. चाळिशीनंतर जवळचं दिसायला चष्मा लागतो आणि चष्मा घातला तर डोळ्याला ब्रश लावता येत नाही. आपल्या आया काजळ सोडतात त्याचं हे एक साधं कारण आहे, हौस मेली वगैरे काही नाही. आम्ही आता खडेबाजारातून एक मोठं करून दाखवणारा आरसा आणलाय, उभा राहणारा, दोन्ही हात मोकळे राहतात. ताई आधी कुरकुरल्या. आता नवरीच्या आईला तासभर आधी बसवायला त्याही तयार असतात, फक्त रेटकार्डावरचं 'फ्री' अजून काढलेलं नाही. मे महिन्यात तीन लग्नं आहेत. तिन्ही घरी निरोप धाडलाय: आहेराची पिशवी दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि येताना वाचायचा चष्मा आणा.